दोन्ही हातांचा रक्तदाब

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका सकाळी बाबांनी मला सहाव्यांदा विचारले, "आज वार कोणता?" मी कोण, आई कोण, हे त्यांना नीट ठाऊक होते, बोलणे स्पष्ट होते, तोंड वाकडे झालेले नव्हते, हातापायांतली शक्तीही नेहमीसारखीच होती. फक्त दोन मिनिटांपूर्वी सांगितलेले काहीही त्यांच्यापाशी टिकत नव्हते. टेबलावरच्या हिशेबाच्या वहीत त्या तारखेखाली "दूध 1 लिटर" ही नोंद त्यांच्याच अक्षरात एकाखाली एक तीनदा झाली होती.

"रात्री झोप नाही झाली, त्याचंच असेल," असे आई म्हणाली. इस्पितळात पोहोचल्यावर तासाभरात त्यांचे प्रश्न थांबले, वार लक्षात राहू लागला आणि आम्ही घरी परतण्याची भाषाही सुरू केली.

या अवस्थेला ट्रान्झियंट ग्लोबल अम्नेशिया म्हणतात. साधारण पन्नाशी ते सत्तरीच्या माणसांत, कधी श्रमांनंतर, कधी थंड पाण्यात उतरल्यावर, तर कधी मनाला धक्का बसल्यावर, नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे काम काही तास थांबते आणि 24 तासांच्या आत ते पुन्हा सुरू होते. बहुतेकांच्या बाबतीत त्यापुढे काही घडत नाही. परंतु हे निदान दुसरे काही नाही याची खात्री झाल्यावरच करायचे असते, आणि ती खात्री करून घेण्याइतका धीर आमच्यापाशी त्या वेळी नव्हता.

तो एका तरुण निवासी डॉक्टरीणबाईंपाशी होता. उजव्या मनगटाची नाडी त्यांना मंद लागली, म्हणून त्यांनी दोन्ही दंडांवर पट्टा बांधून रक्तदाब मोजला: वरचा आकडा डावीकडे 152, उजवीकडे 104. असा फरक 20 च्या वर गेला की महाधमनीची शंका घ्यावी लागते. सीटी अँजिओग्राफीत ती खरी ठरली. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचे आतले अस्तर फाटून रक्त तिच्या थरांमध्ये घुसले होते आणि ती चीर उजव्या हाताकडे व मानेकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचली होती. मेंदूचा रक्तपुरवठा त्यामुळेच काही काळ खालावला असावा, असे शल्यविशारदांनी सांगितले.

या आजारात छातीत किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येते; थोड्या रुग्णांत मात्र ती येतच नाही. बाबा "कुठंच दुखलं नाही" असे ठामपणे सांगत होते. पहाटे खांद्यांच्या मधोमध हात नेऊन ते क्षणभर कण्हले होते, हे आईला नंतर आठवले. ज्याची ती सकाळच पुसली गेली आहे, त्याला वेदना झाली की नाही हे विचारून काय कळणार? म्हणूनच अशा वेळी सोबतच्या माणसाला खोदून विचारायला हवे. शिवाय हा मेंदूतल्या गुठळीचा झटका समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले असते, तर ते जिवावर बेतले असते.

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. ती सकाळ बाबांना आजही आठवत नाही. ते आता त्याच वहीत दुधाच्या नोंदीशेजारी रोज दोन वेळचा रक्तदाब लिहितात, आणि पान उलटण्यापूर्वी मी ते आकडे पाहते.