पंपरूममधल्या बोर्डाचं कुलूप: बिझीबॉक्समधली लॉगिन-पासवर्डची जुळवाजुळव

पाण्याच्या टाक्यांची पातळी मोजणारा लिनक्सचा छोटा बोर्ड आता वीज आली की आपोआप उठतो, दोन्ही सेन्सर वाचतो आणि आकडे साठवतो. या खेपेला सेन्सरला हात लावला नाही. सगळा वेळ बिझीबॉक्समधल्या (लिनक्सच्या अनेक आज्ञा एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये बसवणाऱ्या संचातल्या) लॉगिन आणि पासवर्डवर गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

बोर्ड परळच्या आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये आहे. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, तळटाकी भरते, मग वॉचमन पंप लावून गच्चीवरची टाकी भरतो. त्या खोलीत वॉचमन येतो, प्लंबर येतो, मीटर वाचणारा येतो, गणपतीत मंडपाची वायर ओढायला इलेक्ट्रिशियन येतो. शिवाय शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी आमच्याकडचा आलेख बघून तसाच डबा मागितला आहे. म्हणजे एकच इमेज (संपूर्ण सिस्टिमची तयार प्रत) तीन मेमरी कार्डांवर जाणार. तेव्हा या कामाचा नियम मी असा ठरवला: इमेज सगळ्यांची एक, पासवर्ड ज्या-त्या डब्याचा वेगळा. इमेजमध्ये पासवर्ड राहताच कामा नये.

असं का, हे २०१६ साली साऱ्या जगाने पाहिलंय. मिराय या बॉटनेटकडे (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याकडे) युजरनेम-पासवर्डच्या जेमतेम साठेक जोड्या होत्या, सगळ्या कारखान्यातून येतात तशाच. तेवढ्या टेलनेटवर (दुरून लॉगिन करायच्या जुन्या मार्गावर) फिरवून त्याने कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीची डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारी) आडवी केली. आत शिरल्यावर मिराय बिझीबॉक्सला ‘मिराय’ नावाचं ॲपलेट (आतली एखादी आज्ञा) चालवायला सांगत असे. ‘ॲपलेट नॉट फाउंड’ असं उत्तर आलं की त्याला कळायचं, शेल (आज्ञा टाइप करायची जागा) खरा आहे. आपण वापरतो तोच बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनच्या इन्स्टॉल फ्लॉपीसाठी तो लिहायला घेतला आणि आज तो अशा असंख्य डब्यांत बसलेला आहे.

मी बिल्डरूट (बोर्डासाठी इमेज बनवणारं साधन) वापरतो, बिझीबॉक्स १.३६ मालिकेतला. मेन्यूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या पडद्यावर) लॉगिन आणि पासवर्डच्या युटिलिटीजचा वेगळा विभाग आहे: ॲडयूजर, डेलयूजर, सीएचपासडब्ल्यूडी, क्रिप्टपीडब्ल्यू, गेटी, लॉगिन, पासडब्ल्यूडी, एसयू, एसयूलॉगिन, व्हीलॉक. एसयू आणि व्हीलॉक मी काढून टाकले. या डब्यावर दोनच खाती आहेत आणि एकातून दुसऱ्यात उडी मारायची गरज कोणालाच नाही.

सुरुवात इनिटटॅबपासून, म्हणजे बूट झाल्यावर काय चालवायचं ते इनिट या पहिल्या प्रोग्रॅमला सांगणाऱ्या फाइलीपासून. ही फाइल नसेल तर बिझीबॉक्सचा इनिट कन्सोलवर ‘एंटर दाबा’ एवढंच म्हणतो आणि थेट रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) शेल हातात देतो. पासवर्ड विचारायला मधे कोणी नाहीच. टेबलावर प्रयोग चालू असताना ते सोयीचं, पंपरूममध्ये अजिबात नाही. त्याऐवजी सिरियल पोर्टवर गेटी (युजरनेम विचारणारा प्रोग्रॅम) लावला, १,१५,२०० बॉडच्या वेगावर, ‘-एल’ (मोठा एल) देऊन. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या यूएसबी-टीटीएल केबलच्या टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि ग्राउंड अशा तीनच तारा आपण जोडतो. कॅरिअर डिटेक्टची, म्हणजे समोर कोणी जोडलेलं आहे हे कळवणारी, तार नसतेच. ‘-एल’ने गेटीला सांगता येतं की लाइन स्थानिक आहे, कॅरिअरची वाट बघू नको.

आता आरएक्सची गोष्ट. केबल काढल्यावर ती पिन मोकळी लोंबत राहते, आणि शेजारी पंपाची मोटर सुरू झाली की तिच्यावर कचरा येतो. तो कचरा गेटीला युजरनेम वाटतो, लॉगमध्ये नापास लॉगिनच्या ओळी साचतात. हाच कचरा बूट होताना आला तर यू-बूट या बूटलोडरला (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं कोणी तरी बटण दाबलं, आणि बोर्ड तिथेच थांबून राहतो. वीज जाऊन परत येते तेव्हा बोर्ड आणि पंप हे दोघेही आगेमागे सुरू होतात, त्यामुळे ही भीती पुस्तकी नाही. आरएक्सवर १० किलोओहमचा पुल-अप (पिन वरच्या पातळीला धरून ठेवणारा रोध) लावला, आणि यू-बूटमध्ये बूटडिले उणे २ केला. उणे २ म्हणजे न थांबता बूट कर आणि मधे कोणी अडवतंय का तेही बघू नको. लॉगिनच्या दृष्टीने तर हे आवश्यकच होतं. बूटलोडरचा प्रॉम्प्ट उघडा असेल तर कर्नलला इनिटच्या जागी थेट शेल चालवायला सांगता येतं, मग आतला पासवर्ड कितीही लांब असला तरी उपयोग शून्य.

बिझीबॉक्सचा लॉगिन छोटा असला तरी विचार करून लिहिलेला आहे. ज्या नावाचं खातंच नाही असं नाव टाका, तरी तो पासवर्ड विचारतो. आतल्या आत तो ते नाव ‘अननोन’ करून टाकतो, म्हणजे कुठली नावं खरी आहेत हे बाहेरच्याला समजत नाही. चुकलं की तीन सेकंद थांबतो, तीनदा चुकलं की बाहेर, आणि साठ सेकंद कोणी काही केलं नाही तरी बाहेर. सिक्युअरटीटीवायचा पर्यायही चालू ठेवलाय. ती फाइल असली की रूटला फक्त तिच्यात लिहिलेल्या लाइनींवरून आत येता येतं. बोर्ड बदलला की सिरियल पोर्टचं नावही बदलतं, कुठे टीटीवायएस०, कुठे टीटीवायएएमए०. तेव्हा दुसऱ्या बोर्डावर जाताना ही फाइल आधी बघा.

पासवर्डचा हॅश (पासवर्डऐवजी साठवायचं, उलट न फिरवता येणारं रूप) कसा काढायचा हा या विभागातला सगळ्यात महत्त्वाचा पर्याय, आणि तो मेन्यूत अगदी साध्या एका ओळीत बसलेला आहे. या मालिकेत त्याची मूळ किंमत डीईएस आहे. क्रिप्ट म्हणजे हॅश काढणारं फंक्शन. जुन्या डीईएस क्रिप्टमध्ये पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, प्रत्येकाचे सात बिट, मिळून ५६. सॉल्ट (हॅश काढताना मिसळायची यादृच्छिक भर) फक्त १२ बिटांचा. हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. डीईएस ठेवून रोमन लिपीत ‘सिंधुदुर्ग’ असा पासवर्ड द्या. त्याची अक्षरं दहा होतात. मग लॉगिन करताना पहिली आठच टाइप करा, म्हणजे ‘सिंधुदु’पर्यंत. दार उघडतं. पुढे काहीही लिहा, तरीही उघडतं. हॅश साठवणाऱ्या शॅडो फाइलमध्ये १३ अक्षरांचा हॅश दिसला आणि सुरुवातीला डॉलरचं चिन्ह नसलं, तर समजा की हा डीईएस आहे.

मी तिथे एसएचए-५१२ लिहिलं. त्याचा हॅश ‘$६$’ने सुरू होतो आणि मुळात ५,००० फेऱ्या घेतो. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांची बेरीज दोन तुकड्यांत करावी लागते, म्हणून काही जण एसएचए-२५६ घेतात. तेही चांगलंच आहे. इथे लॉगिन क्वचितच होतं, थोडा उशीर झाला तरी चालतो.

याला लागून एक गुंता आहे, त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे. बिझीबॉक्समध्ये स्वतःची क्रिप्ट फंक्शन्स वापरायचा पर्याय आहे, आणि पासवर्ड, ग्रुप व शॅडोच्या फाइली स्वतःच वाचायचाही. जीलिब्सी या सी लायब्ररीबरोबर स्टॅटिक बिल्ड (लायब्ररी प्रोग्रॅममध्येच बांधून) करणाऱ्यांना दुसरा पर्याय फार कामाचा, कारण एरवी युजर शोधायला एनएसएसच्या शेअर्ड लायब्ररी लागतात. पण पहिला पर्याय चालू केला की हॅश ओळखणारे दोन जण होतात. कन्सोलवरचा लॉगिन बिझीबॉक्सच्या क्रिप्टला विचारतो, ड्रॉपबेअर हा एसएसएच (दुरून लॉगिनचा) सर्व्हर मात्र सी लायब्ररीच्या क्रिप्टला. यूसीलिब्सी-एनजी या छोट्या सी लायब्ररीत एसएचए-५१२ हा वेगळा टिक करायचा पर्याय आहे. तो बंद असेल तर तोच पासवर्ड सिरियलवर चालतो आणि एसएसएचवर नाकारला जातो, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. मी मसल ही सी लायब्ररी घेतली, त्यात एसएचए-५१२ आहेच, आणि बिझीबॉक्सचं स्वतःचं क्रिप्ट बंद केलं. आता हॅश तपासणारा एकच. मसलला ‘$वाय$’ने सुरू होणारा येसक्रिप्ट हॅश कळत नाही, तेव्हा डेबियन ११ किंवा त्यापुढच्या डेस्कटॉपवरची शॅडोची ओळ उचलून इथे चिकटवू नका.

ड्रॉपबेअरबद्दल अजून एक. तो खात्याचा शेल ‘शेल्स’ या फाइलमध्ये आहे का ते पाहतो, नसेल तर बरोबर पासवर्डलाही नाही म्हणतो. त्या फाइलीत ओळ घालायला बिझीबॉक्सचं ॲड-शेल ॲपलेट आहे.

दुसरा गुंतागुंतीचा भाग म्हणजे फक्त-वाचनीय फाइलसिस्टिम. आमच्याकडे वीज अचानक जाते, म्हणून मूळ फाइलसिस्टिम स्क्वॅशएफएस या फक्त-वाचनीय प्रकारात आहे आणि लिहायचं सगळं वेगळ्या डेटा पार्टिशनवर. अशा ठिकाणी पासवर्ड बदलायचा कसा? अनेकांना सुचतं की शॅडो या एका फाइलवर डेटामधली फाइल बाइंड-माउंट करावी, म्हणजे वरून चढवावी. ते चालत नाही. पासडब्ल्यूडी जुनी फाइल जागच्या जागी खोडत नाही. तो शेजारी ‘शॅडो+’ नावाची नवी फाइल लिहितो आणि शेवटी रिनेम करून ती जुन्याच्या जागी बसवतो, म्हणजे मधे वीज गेली तरी अर्धवट फाइल उरत नाही. ही शेजारची फाइल फक्त-वाचनीय डिरेक्टरीत तयारच होत नाही. उत्तर सोपं निघालं: शॅडोच्या जागी डेटा पार्टिशनमधल्या फाइलकडे जाणारा सिमलिंक (नुसता बोट दाखवणारा दुवा). बिझीबॉक्स आधी सिमलिंकचा माग काढतो आणि मग जिथे खरी फाइल आहे तिथेच ‘शॅडो+’ बनवतो. रिनेम एकाच पार्टिशनवर होतं, सगळं सुरळीत. खऱ्या फाइलीची परवानगी ०६००, मालक रूट, हे तेवढं तपासा.

सेटयूआयडीवर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणाऱ्या बिटावर, थोडक्यात. साध्या युजरला स्वतःचा पासवर्ड बदलायचा तर पासडब्ल्यूडीला रूटचे अधिकार लागतात, आणि बिझीबॉक्समध्ये सगळी ॲपलेट्स एकाच बायनरीत. गरज नसलेल्या ॲपलेटसाठी तो अधिकार सोडून देतो हे खरं, तरी मला एवढ्या मोठ्या बायनरीवर ते बिट नको होतं. बिल्डरूटमध्ये प्रत्येक ॲपलेटची वेगळी बायनरी करायचा पर्याय आहे. जागा जास्त जाते, पण बिट फक्त पासडब्ल्यूडीसारख्या गरज असलेल्या ॲपलेटवर बसतं. कमकुवत पासवर्ड अडवायचा पर्यायही चालू आहे. साध्या युजरला तो अडवतो, रूटला नुसतं बजावतो.

आता मूळ नियमाकडे. बिल्डरूटमध्ये रूटचा पासवर्ड कॉन्फिगमध्येच लिहायची सोय आहे, पण तो त्या फाइलीत जसाच्या तसा उघडा राहतो. मी ती जागा वापरत नाही. इमेजमधल्या शॅडोत रूटच्या हॅशच्या जागी ‘*’ ही खूण आहे, म्हणजे त्या खात्याला पासवर्डने आत येताच येत नाही. कार्ड लिहिताना लॅपटॉपवरची स्क्रिप्ट यादृच्छिक पासवर्ड काढते, क्रिप्टपीडब्ल्यूने त्याचा हॅश करते आणि फक्त हॅश डेटा पार्टिशनवर ठेवते. पहिल्या बूटला सीएचपासडब्ल्यूडी ‘-ई’ देऊन तो जसाच्या तसा शॅडोत जातो आणि ती तात्पुरती फाइल पुसली जाते. पासवर्डमध्ये शून्य आणि ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’ ही अक्षरं येऊ देत नाही, कारण हा पासवर्ड पंपरूमच्या बल्बखाली लेबलवरून कोणाला तरी वाचायचा आहे. लेबल डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, वर प्लास्टिकची पट्टी. पावसाळ्यात त्या खोलीच्या भिंतींना ओल येते, साधा कागद टिकत नाही.

तिन्ही कार्डं लिहून झाली आहेत. प्रत्येकावर दुसऱ्या डब्याचा पासवर्ड टाकून पाहिला, कन्सोलवर आणि एसएसएचवर, दोन्हीकडे नाकारला गेला. एसएसएचवर रूट पूर्ण बंद आहे, ड्रॉपबेअरला ‘-डब्ल्यू’ (लहान डब्ल्यू) दिलंय, आणि देखभालीच्या खात्याच्या किल्ल्या तिन्ही ठिकाणी बसल्या की ‘-एस’ देऊन पासवर्डही बंद करणार. मग पासवर्ड फक्त सिरियलपुरता उरेल. कार्डच काढून नेलं तर मात्र यातलं काहीही आड येत नाही, म्हणून डब्याला साधं पितळी कुलूप घेतलंय आणि त्याची किल्ली सेक्रेटरींकडे राहील. तुमच्यापैकी कोणी यूसीलिब्सी-एनजीवर एसएचए-५१२ चालू करून जुन्या एआरएम९ प्रोसेसरवर लॉगिनला किती वेळ लागतो ते मोजलं असेल, तर आकडे जरूर कळवा. शेजारच्या सोसायटीला माझ्याकडचा तसाच एक जुना बोर्ड द्यायचा विचार आहे.