लेकीचे दोन पासपोर्ट

दत्तक घेतलेल्या आमच्या लेकीला ठाण्याहून न्यू जर्सीला नेताना आणि दीड वर्षाने तिला आजीच्या भेटीला परत आणताना जी कागदपत्रे करावी लागली, त्यांचा हा अनुभव आहे. माझे माहेर नौपाड्यातले. आम्ही दोघेही आता अमेरिकेचे नागरिक आहोत आणि लेक ठाणे जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आमच्याकडे आली.

दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या १९९३ च्या हेग करारात असल्यामुळे कागदांचा क्रम ठरलेला असतो आणि तो पुढेमागे करता येत नाही. आधी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची मंजुरी, मग ‘कारा’चे, म्हणजे दत्तकविधानाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचे, ना हरकत प्रमाणपत्र आणि त्यानंतर दत्तक आदेश. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी देतात. आमच्या फेऱ्या त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात झाल्या, पण रिक्षावाल्याला सांगायचे ते ‘कोर्ट नाका’ असेच.

आदेश हाती आला तेव्हा आता सगळे सरळ होईल असे वाटले होते. अडले ते जन्मदाखल्यावर. आदेशात मुलीचे नाव आणि आडनाव एवढेच होते, तर दाखला तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मध्ये वडिलांचे नाव घातले. त्यात त्यांचे काय चुकले, असे कोणीही म्हणेल. परंतु पासपोर्ट, व्हिसा आणि पुढचा प्रत्येक कागद या दोन कागदांवर उभा राहणार होता आणि दोघांत नाव वेगळे असते, तर दर टप्प्यावर खुलासा करत बसावे लागले असते. ‘एवढ्याशा फरकाने काय होते?’ हे वाक्य त्या कार्यालयात मी तीन वेळा ऐकले. संस्थेतल्या समाजसेविका ताई मात्र ठाम होत्या. दाखला दुरुस्त होऊन यायला अकरा दिवस गेले, आणि नव्या दाखल्यातले एकेक अक्षर आदेशावर बोट ठेवून ताळून पाहिल्याशिवाय त्यांनी मला खिडकीवरून हलू दिले नाही.

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातले काम त्या मानाने लवकर आटोपले. चार वर्षांखालील मुलाचा फोटो आपणच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. राम मारुती रोडवरच्या स्टुडिओत फोटोग्राफरने खुळखुळा वाजवला की ही खुळखुळ्याकडे बघे आणि थांबवला की रडे. सतराव्या फोटोत ती समोर बघत होती. केंद्रात ए, बी, सी अशा तीन काउंटरांवरून फाइल पुढे सरकली. अर्जावरच्या अंगठ्याच्या ठशाची शाई तिने माझ्या ओढणीला पुसली, ती अजून गेलेली नाही. पुढे दत्तक हेग करारानुसार झाल्याचे ‘कारा’चे अनुरूपता प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी आणि दिल्लीच्या अमेरिकन दूतावासातून दत्तक मुलांसाठीचा आयएच-३ व्हिसा, असे होत आम्ही निघालो.

खरी चूक आम्ही पुढे करणार होतो. हेग करारातल्या देशात दत्तकविधान पूर्ण होऊन आयएच-३ व्हिसावर आलेले अठरा वर्षांखालील मूल, नागरिक असलेल्या पालकाबरोबर राहायला अमेरिकेत दाखल होताच, २००० सालच्या कायद्याने आपोआप तिथले नागरिक होते. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र टपालाने घरी आले, आम्ही ते फ्रेम केले, आणि दिवाळीला ठाण्याला जायचे म्हणून तिच्या भारतीय पासपोर्टवर तिकीट काढायला निघालो, कारण त्याची साडेतीन वर्षे मुदत शिल्लक होती. तिकीट काढून देणाऱ्या एजंटलाही त्यात काही वावगे दिसले नाही. वास्तविक दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळाले की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि तो वापरून प्रवास करणे हा गुन्हा ठरतो. मुदत कितीही उरलेली असो, विमानतळावर उतरल्या क्षणापासून तो पासपोर्ट प्रवासाच्या कामाचा राहिला नव्हता, आणि हे आम्हाला एका परिचित बाईंनी सहज बोलता बोलता सांगितले म्हणून कळले.

मग आधी अमेरिकन पासपोर्ट, ज्याच्या अर्जासाठी सोळा वर्षांखालील मुलाबरोबर आई-वडील दोघांनाही जावे लागते. मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट. आणि त्यानंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड. ती स्वतःच पूर्वीची भारतीय नागरिक असल्यामुळे ओसीआयला पात्र होती, पण अर्जासोबत दत्तक आदेश आणि तो दुरुस्त केलेला दाखला पुन्हा लागले. अकरा दिवसांचे मोल मला तेव्हा कळले. दिवाळी मात्र हुकली. आम्ही ठाण्याला पोचलो ते होळीला.

रद्द केलेला भारतीय पासपोर्ट परत मिळतो, तो मी सोबत आणला होता. आईने चष्मा लावून दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी उघडले. जुन्यात जन्मस्थान ‘ठाणे’ आहे. अमेरिकन पासपोर्टावर परदेशात जन्मलेल्यांचा फक्त देश छापतात, म्हणून नव्यात नुसते ‘इंडिया’ आहे. रद्द झालेला तिने स्वतःच्या कपाटात ठेवून घेतला.