12.3 व्होल्ट होते, तरीही

धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. स्टार्टर जोमाने फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हते. स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढून मी मल्टिमीटर लावला, 12.3 व्होल्ट दिसले, म्हणजे वीज पोहोचतेय, आणि कॉइलच गेली असे मी ठामपणे जाहीर केले.

पारोळ्याहून आलेल्या वयस्क मेकॅनिकने माझ्या मीटरकडे पाहिलेही नाही. खिशातून दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब काढून त्यांनी त्याच कनेक्टरला आणि बॉडीला लावला. बल्ब वात खाली केलेल्या कंदिलासारखा मिणमिणला.

“भाऊ, मीटर करंट खात नाही. कॉइल खाते.”

फ्यूज बॉक्समधल्या एका टर्मिनलवर हिरवा गंज चढला होता. करंट जवळजवळ वाहतच नाही, तेव्हा असा कच्चा जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार पडला की ते तिथेच गळते. पॉलिश पेपरने घासताच बल्ब लख्ख पेटला आणि गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली.

करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज, हा ओहमचा नियम मला शाळेपासून पाठ आहे, हेच अधिक बोचले. कनेक्टर काढून मोजलेल्या व्होल्टेजवर विसंबून आजवर किती धडधाकट कॉइल मी भंगारात टाकल्या असतील?