मँचेस्टरची पऱ्हाटी

आई आली ती नेमकी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, त्यामुळे तिचं अर्धं लक्ष हिंगणघाटकडच्या आभाळात आणि अर्धं माझ्या किचनमध्ये. शेत दादा बघतो, पण तरी. इथे चार दिवस नुसती रिपरिप चालली होती, पाचव्या दिवशी ऊन पडलं तसं मी तिला गाडीत बसवलं आणि स्नेक पासला नेलं. म्हणजे मँचेस्टरहून शेफिल्डकडे जाताना पेनाइन डोंगरांत लागणारा घाट. नावातला साप ऐकून ती आधी नाहीच म्हणत होती.

घाटमाथ्यावर, पाचशे मीटरच्या वर, ना झाड ना आडोसा. नुसता तपकिरी-हिरवा ओला माळ, दोन्ही बाजूंनी दिसेल तिथवर. आणि त्या सगळ्या माळावर पांढरं पांढरं काहीतरी डुलत होतं. आई साडीवर माझं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज अशी उतरली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "काय व, इथं कोनं पऱ्हाटी पेरली?"

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची कपाशी. मला हसायला आलं, पण तिचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजही त्याला कॉटनग्रासच म्हणतात. फक्त ते कॉटन नाही आणि ग्रासही नाही, ते लव्हाळ्याच्या कुळातलं. हे मी सांगितल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण लव्हाळा म्हणजे तिचा जन्माचा वैरी, हरळी, कुंदा आणि लव्हाळा या तिघांनी तिची कंबर मोडलीय असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आणि गंमत म्हणजे त्याच लव्हाळ्याच्या मुळाशी असलेल्या गाठी, नागरमोथा, दिवाळीला उटण्यात घालून आम्हाला अंगभर चोळायलाही तीच पुढे. वर्षभर शिव्या आणि एक दिवस अभ्यंग! तिने वाकून एका पानाचं टोक चिमटीत फिरवलं. तीन कडा लागल्या. "हो व, त्याचाच भाऊबंद हाय," म्हणाली, आणि मग त्या माळाबद्दलचा तिचा आदर जरा कमीच झाला.

आता तो कापूस. ते फूल नाही, हे मला इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. फूल एप्रिल-मेमध्ये येऊन जातं, करडं-तपकिरी, कोणी ढुंकून बघत नाही. फूल सरल्यावर, पाकळ्या असायच्या त्या जागी असलेले बारीक केस लांब लांब वाढतात आणि जूनमध्ये त्याचा हा झुपका होतो, बी वाऱ्यावर उडवायला. आपल्या कापसाचे केस सरकीच्या सालीवर उगवतात, इथे ते बीच्या बुडाशी. एका दांड्यावर तीन-चार झुपके लोंबत असतील तर ती एक जात, आणि एकच ताठ गोंडा असेल, सशाच्या शेपटीसारखा, तर दुसरी, तिचे जमिनीवर चांगले गच्च ठोंब होतात.

पायाखाली चिखल होता, पण पायवाट फरशीची. मोठ्या मोठ्या झिजलेल्या दगडी फरश्या दलदलीवर टाकल्यात, कारण नाहीतर चालणाऱ्यांचे पाय त्या काळ्या मातीत रुततात आणि माती उकरली जाते. या पायवाटेचं नाव पेनाइन वे, तिच्यावर ज्या फरश्या आहेत ना, त्यातल्या कितीतरी लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या मुलखातल्या, बंद पडलेल्या कापडगिरण्या पाडल्या तिथून आणलेल्या. मी आईला सांगितलं की आपण गिरणीच्या जमिनीवरून चालतोय. ती थांबली आणि बुटाने फरशी चाचपून बघायला लागली.

कारण गिरण्यांचं आणि आमच्या गावाकडचं जुनं नातं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, लँकेशरमध्ये गिरण्या थंडावल्या, कामगार उपाशी, आणि व्यापाऱ्यांनी मोर्चा वळवला आपल्याकडे. वऱ्हाड, हिंगणघाट, खामगाव. हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जायचा. मुंबईत या पैशाने शेअरची वेडी लाट आली आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर धाडकन फुटली, ते आपण शाळेत शिकलोय. इकडच्या गिरण्यांच्या धुराड्यांनी काय केलं ते मात्र शाळेत नव्हतं.

त्यांनी धूर केला. शंभर-दीडशे वर्षं. कोळशाचा तो धूर वाऱ्याने या डोंगरांवर यायचा आणि पावसातून खाली उतरायचा. 'ॲसिड रेन' हा शब्दच मुळी मँचेस्टरचा, रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या इथल्या केमिस्टने इथलीच हवा तपासत १८७२ च्या पुस्तकात वापरलेला. त्या पावसाने स्फॅग्नम मेलं. स्फॅग्नम म्हणजे दलदलीतलं शेवाळ, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारं, तेच कुजता कुजत नाही आणि त्याचे थर साचून पीट होतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या अख्ख्या आयुष्यात वीतभरही नाही. वरून मेंढ्या, वणवे. शेवटी इथल्या ब्लीकलो पठारावर मैलच्या मैल नुसतं काळं उघडं पीट राहिलं, पावसाने वाहून जाणारं, उन्हात वाऱ्याने उडणारं.

मग २००३ पासून मूर्स फॉर द फ्यूचर नावाने लोकांनी हे भरून काढायचं काम हाती घेतलं. हेलिकॉप्टरने चुना टाकला, गवताचं बी टाकलं, घळींमध्ये दगडांचे बांध घातले (आपल्या नाला बंडिंगसारखेच, आईला हे लगेच कळलं), आणि हाताने लाखो रोपं लावली. त्यात हा लव्हाळ्याचा भाऊ. कारण असल्या आंबट, पाणी साचलेल्या, खायला काही नसलेल्या जमिनीत दुसरं कोण उभं राहणार? याच्या देठापासून मुळापर्यंत आतून हवेच्या पोकळ नळ्या असतात, त्यातून मुळांना श्वास पोचतो. ठोंबवाली जात तर पान वाळायच्या आधी त्यातलं खत परत ओढून घेते, म्हणजे घर सोडताना बल्ब काढून नेणाऱ्या भाडेकरूसारखं. २००२ ला प्लांटलाइफ नावाच्या रानफुलं जपणाऱ्या संस्थेने लोकांची मतं घेऊन प्रत्येक काउंटीचं, म्हणजे इकडच्या जिल्ह्याचं, फूल ठरवायला घेतलं तेव्हा ग्रेटर मँचेस्टरच्या वाट्याला हेच आलं. कापसावर मोठं झालेलं शहर, आणि त्याचं फूल असा कापूस की ज्याचं सूत निघत नाही.

खरंच निघत नाही. आईने ट्राय केलं ना. झाड तोडायचं नाही म्हणून मी दटावलं होतं, पण कुंपणाच्या तारेला वाऱ्याने अडकलेला पुंजका तिने काढून रुमालात बांधला आणि घरी आल्यावर संध्याकाळी देवापाशी बसून बी वेचून काढलं, बोटांना थुंकी लावली आणि वात वळायला घेतली. तिच्या हातून वात एका झटक्यात होते, बघायला गेलं तर दिसतही नाही. इथे मात्र केस नुसते सरळ सरळ निसटत होते, पीळ धरेना, दाबलं की मोडत होते. कापसाचा तंतू वाळताना चपटा होतो आणि आपोआप पिळवटतो, म्हणून एकात एक अडकतो, धागा होतो. हे केस गुळगुळीत, आपल्या आपल्यात. पूर्वी इकडे उशा भरायला चालायचे, आणि तिकडे बर्फात इन्यूट बायका ते सीलच्या चरबीच्या दिव्यात काकडा म्हणून लावायच्या, मी हे मोबाइलवर वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "मंग वात नाई, फुलवात करू." खाली चिमटीत गच्च आवळून, वर शेंडी काढून, तुपात बुडवून लावली. पेटली! जरा घाईत जळली, थोडी तडतडली आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतेय आणि खाली आई हात जोडून बसलेली, अजिबात न हलता.

दुसऱ्या दिवशी तिने बॅगेतून आपल्या वातींचं पुडकं काढलं, तेही घरच्या कापसाचं.

या जूनमध्ये फोन केला तर हवापाणी विचारायच्या आधीच म्हणाली, "फुटली का व तुमची ते फुकटची पऱ्हाटी?" म्हटलं, फुटली, माळ पांढरा झालाय. "बरं हाय तुमचं," म्हणाली, "आमचं अजून बियानंच घरात हाय. मिरग कोरडा चालला." आणि मग दादाला हाक मारायला गेली, फोन तसाच चालू ठेवून.