सर्व्हर बंद, दोन अकाउंटचं एक, आणि मधेच तो ळ

मी कॉम्प्युटरचं शिकतो आणि मास्टोडॉनवर (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरचं मिळून बनलेलं) बरीच वर्षं माझी दोन अकाउंट होती. एक टेक सर्व्हरवर, तिथे फक्त इंग्लिश, लिनक्स आणि प्रोजेक्टची रडगाणी. दुसरं एका छोट्या सर्व्हरवर, तिथे मराठी आणि मूड लागला की हिंदी. उगाच परक्या लिपीच्या पोस्टी लोकांच्या माथी कशाला मारा म्हणून केलं होतं, पण व्हायचं असं की इकडे मी एकदम शहाणा मुलगा आणि तिकडे नुसता टवाळ, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.

मग छोट्या सर्व्हरच्या अॅडमिनने सांगितलं की खर्च झेपत नाही, पाच आठवड्यांत बंद करतोय. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरनी किमान ३ महिने आधी कळवायचं असा नियम आहे, पण आमचा त्या यादीत नव्हताच. एकटा माणूस स्वतःच्या खिशातून चालवत होता, त्याला काय बोलणार.

म्हटलं हलायचंच आहे तर दोन्ही एकत्र करू. तिसऱ्या सर्व्हरवर नवीन अकाउंट काढलं. यूजरनेममधे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, त्यामुळे माझ्या आडनावातल्या ळ चा पहिल्याच पायरीला ल झाला. डिस्प्ले नेम देवनागरीत ठेवता येतं, ते ठेवलं. पण पत्ता म्हणून जो जगभर फिरतो त्यात ळ नाही म्हणजे नाही.

पुढचं काम तसं सोपं आहे. नव्या अकाउंटच्या सेटिंगमधे जुन्या दोघांचे पत्ते एलियस (म्हणजे 'हेही मीच') म्हणून टाकायचे, मग जुन्या प्रत्येकात जाऊन मूव्ह करायचं, की फॉलोअर आपोआप सरकतात. सगळे एकदम नाही हां, दोन दिवस आकडा हळूहळू चढत होता आणि मी मिनिटामिनिटाला रिफ्रेश मारत बसलो होतो. आपण ज्यांना फॉलो करतो ते मात्र आपोआप येत नाहीत, त्यांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) उतरवून नव्या ठिकाणी इम्पोर्ट करायची.

ती सीएसव्ही उघडली आणि शेवटच्या कॉलमचं नाव दिसलं, लँग्वेजेस. हे काय म्हणून शोधलं तर कळलं की एखाद्याला फॉलो करताना त्याच्या कुठल्या भाषेतल्या पोस्ट हव्यात ते निवडता येतं. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांच्या मेन्यूत आहे, मी आयुष्यात कधी उघडून बघितलं नव्हतं. म्हणजे ज्या कारणासाठी मी स्वतःचे दोन तुकडे केले त्याची सोय वाचणाऱ्याच्या हातात आधीपासून होती! फक्त लिहिणाऱ्याने पोस्टवर भाषा नीट लावली पाहिजे.

आणि तिथेच माझी बोंब होती. जुन्या अकाउंटचं अर्काइव्ह उतरवलं, आत आउटबॉक्स नावाची जेसन फाइल असते, सगळ्या पोस्ट अॅक्टिव्हिटीपबच्या (सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची पद्धत) स्वरूपात. कंटेंटमॅप या फील्डमधे भाषेचा कोड आणि पुढे मजकूर. बघतो तर कोड 'ईएन', म्हणजे इंग्लिश, आणि पुढे 'आज सकाळपासून डोकं चालत नाहीये'. दुसरी, तेच. सगळ्याच तशा. माझा इंटरफेस इंग्लिश, पोस्टची भाषा बाय डिफॉल्ट तीच लागते, आणि मी ती कधी बदललीच नव्हती. ज्यांनी इंग्लिश बंद करून ठेवलं असेल त्यांना माझं मराठी इतकी वर्षं दिसलंच नसणार.

मग प्रत्येक पोस्टची खरी भाषा ओळखून कोड दुरुस्त करायला स्क्रिप्ट लिहिली. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, लिपीवरून काही कळत नाही, म्हणून म्हटलं 'है' आणि 'नहीं' दिसलं तर हिंदी, 'आहे' किंवा ळ दिसला तर मराठी. ळ ने सगळ्यात जास्त काम केलं, हिंदीत तो जवळपास नसतोच. वेळ, सगळं, कंटाळा, गोंधळ, माझ्या पोस्टी म्हणजे याच चार शब्दांवर चालतात. यूजरनेममधून हाकललेलं अक्षर इथे ओळखपत्र म्हणून कामी आलं.

अडकलं ते भेळ पोस्टींवर. 'बिल्ड परत फेल, भाई अब मुझसे नहीं होगा, उद्या बघू.' ही कुठल्या भाषेत टाकायची? मास्टोडॉन लिहिताना एकच निवडू देतं. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर पोस्टला तीनपर्यंत भाषा लावता येतात, ते मला जास्त पटतं, पण माझे लोक इकडे आहेत. आता मी अशा पोस्टीला मराठी लावतो, कारण शेवटी 'बघू' माझं मराठीतलं आहे. वादाला जागा आहे.

हॅशटॅगचा वैताग अजून गेलेला नाही. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो, त्यामुळे #पुस्तक वेगळा आणि #पुस्तकाबद्दल वेगळा. वाक्यात टॅग घालायला गेलं की फसतो, म्हणून सगळे टॅग शेवटी मूळ रूपात रांगेत टाकतो, दिसायला घाण दिसतं.

मूव्हमधे जुन्या पोस्ट येत नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं. तरी स्क्रिप्ट पूर्ण केली, भेळवाल्या हाताने तपासल्या. सर्व्हर ठरल्या दिवशी बंद झाला. आता माझ्याकडे बरोबर भाषा लावलेली जेसन फाइल आहे आणि ती इम्पोर्ट करायला मास्टोडॉनमधे बटणच नाही.