ग्रामदैवताचा न्यास आणि ग्रामसभेचा ठराव : माझा अनुभव

दक्षिण रत्नागिरीतील आमच्या गावच्या ग्रामदैवताच्या मंदिराला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळावा, म्हणजे रस्ता, स्वच्छतागृह आणि भक्तनिवास यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागता येईल, ही कल्पना प्रथम मुंबईच्या मंडळाने मांडली. मी निवृत्त शिक्षक, बारमाही गावातच राहणारा आणि सरकारी कागद वाचून पाहण्याची खोड असलेला. त्यामुळे हे काम ओघानेच माझ्याकडे आले. प्रस्तावासाठी मुख्यतः दोन कागद लागणार होते. एक म्हणजे देवस्थानच्या न्यासाची अद्ययावत नोंद आणि दुसरा ग्रामसभेचा ठराव. देवळातील बैठकीला आणि ग्रामसभेला येणारी माणसे आमच्याकडे बहुतांशी तीच असतात, म्हणून एका बैठकीत ठरले की दुसरीतही ठरल्यासारखेच आहे, असे सगळे धरून चालले होते.

न्यासाची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली फार पूर्वी झालेली होती. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढला, तेव्हा त्यावरील विश्वस्तांपैकी एकच गृहस्थ हयात असल्याचे आढळले आणि तेही मुलाकडे डोंबिवलीला राहत होते. बाकीची नावे आता आमच्या गावात श्राद्धाच्या दिवशीच घेतली जातात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यायचा असतो, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. पण देवाचा कारभार मानकरी, गुरव आणि शिमग्याला तोंडी नेमली जाणारी समिती यांच्यामार्फत सुरळीत चालत असताना त्याची गरज कोणाला वाटली नव्हती. कागदावरचे देवस्थान एक आणि प्रत्यक्षातले दुसरे, अशी अवस्था कोकणात विरळा नाही.

वकिलांनी सांगितलेली वाट अशी होती : हयात विश्वस्तांच्या सहीने सभेची रीतसर नोटीस काढावी, सभा घेऊन नवे विश्वस्त निवडावेत, जुन्यांचे मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतीपत्रे, इतिवृत्त आणि हजेरीपट जोडावा, आणि झालेला विलंब माफ व्हावा म्हणून प्रतिज्ञापत्रासह वेगळा अर्ज द्यावा. ऐकताना हे सोपे वाटले. पहिली अडचण कागदाची नव्हती. नोटीस देवळाच्या खांबावर लागताच एका वडीलधाऱ्या मानकऱ्यांनी मला बोलावून विचारले, “देवाच्या कामात सरकारचा हात कशाला? उद्या पालखी कुठल्या वाटेने न्यायची तेही विचारतील.”

हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता, कारण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायांना धर्माच्या बाबतींत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला; मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार करावा असे म्हटले. आपल्याच १९५० च्या कायद्याला एका जैन देवस्थानच्या व्यवस्थापकांनी आव्हान दिले, तेव्हा १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात न्यायालयाने नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांविषयीचा मोठा भाग कायम ठेवला. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मात्र उडवून लावली. देवळाच्या ओटीवर बसून मी हे शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले. सरकार पालखीची वाट विचारणार नाही, पालखीवर चढवलेल्या चांदीचे वजन विचारील, असे म्हणालो तेव्हा मानकरी हसले आणि “वजन तर आम्हालाही विचारायचेच होते” असे म्हणून उठले. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

मतदार कोण, हा पुढचा प्रश्न अधिक अवघड ठरला. रूढीप्रमाणे प्रत्येक घराण्यातून एक कर्ता पुरुष बैठकीला बसतो. आता आमच्या गावातील कर्ते पुरुष मुंबईला, आणि वर्षभर देवळाची झाडलोट, नैवेद्य, उत्सवाचा स्वयंपाक आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली बादल्या ठेवणे हे सारे करणाऱ्या स्त्रिया गावात, अशी स्थिती आहे. न्यासाची जुनी नियमावली काढून पाहिली, तर तीत ‘अठरा वर्षांवरील गावकरी भाविक’ एवढीच अट होती. पुरुष असावा असे कोठेही लिहिलेले नव्हते. म्हणजे स्त्रियांना सभेत बसण्याचा अधिकार नोंदणीच्या दिवसापासून होता. ज्यांनी ती नियमावली लिहिली, त्यांनी हे जाणीवपूर्वक केले असेल की वकिलाच्या छापील नमुन्यातून ते आपोआप आले असेल, याचा उलगडा आता होणार नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा विषय आला, तेव्हा आमच्याकडेही पुष्कळ चर्चा झाली होती. पण ती दुसऱ्यांच्या देवळाविषयी होती, म्हणून सगळ्यांनीच उदार मते मांडली होती. आता सभेत जाजमाच्या एका बाजूला पंधरावीस बायका येऊन बसल्या, तेव्हा काही जणांना अचानक शेतावरची कामे आठवली. त्यांतल्या एका विधवा भगिनीचे नाव विश्वस्तपदासाठी सुचवले गेले आणि तिच्याविरुद्ध उघडपणे कोणी बोलले नाही.

कौलाचा विषय मात्र उघडपणे निघाला. आमच्याकडे मोठे काम कौल लावल्याशिवाय होत नाही. विश्वस्तांच्या नावांनाही एकेक करून कौल लावावा, अशी सूचना आली. वकिलांनी आधीच बजावले होते की निवड सभेने केली हे इतिवृत्तात स्पष्ट दिसले पाहिजे. मी ते सांगणार, इतक्यात गुरवच म्हणाले, “माणसांची नावं देवाला विचारू नका. उद्या भांडण झालं की बोल देवाला लागेल.” शेवटी सभा या दिवशी घ्यावी का, एवढाच कौल घेतला गेला; तो उजवा मिळाला, आणि नावे सभेने ठरवली. धर्म आणि कायदा यांच्या सीमेविषयी मी वाचलेल्या निकालपत्रांपेक्षा गुरवांचे हे वाक्य मला अधिक उपयोगी पडले.

तरीही निवडणूक अशी झालीच नाही. जागांपेक्षा नावे जास्त होती, पण आदल्या रात्री दोघांनी माघार घेतली आणि निवड बिनविरोध झाली. ही बिनविरोधाची हौस आमच्या ग्रामपंचायतीतही आहे आणि ती देवळातूनच तिथे गेली आहे, असे माझे मत आहे. देवासमोर मतभेद दाखवणे अशुभ मानायचे, आणि तीच सवय घेऊन चावडीवर जायचे. याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे : निवडणुकीत मते पक्की करण्यासाठी देवासमोर नारळावर हात ठेवून शपथा घातल्या जातात. विधानसभा-लोकसभेसाठीच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दैवी कोपाची भीती घालणे हा भ्रष्ट मार्ग ठरवलेला आहे, आणि धर्माच्या नावाने मत मागण्याविषयीचा २०१७ चा सात न्यायमूर्तींचा निकाल तर मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या खटल्यातून निघालेला आहे. नारळ ठेवणाऱ्याला हे सांगितले तर तो म्हणतो, मी कोणाला भीती घातली नाही, त्याने स्वतःहून हात ठेवला. गोव्यातील माझे मामेभाऊ सांगतात की तिकडे १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमांप्रमाणे महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या नोंदलेल्या सभासदांनी, दर तीन वर्षांनी समिती निवडायची असते आणि त्यावर मामलेदाराची देखरेख असते. तिथे चुरस होते, कज्जे होतात, पण निदान माघार कोणी कोणाच्या अंगणात जाऊन घडवून आणली हे गुपित राहत नाही.

ग्रामसभेचा ठराव हा आम्ही केवळ उपचार समजत होतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. त्या दिवशी बौद्धवाडीतून आणि मोहल्ल्यातून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक लोक आले. बौद्धवाडीने १९५६ नंतरच्या काळात शिमग्यातील आपले जुने मान सोडले आणि देवळाच्या बैठकीशी तिचा संबंध उरला नाही. ग्रामसभा मात्र तिचीही आहे. वाडीतल्या एका पदवीधर तरुणाने विचारले, की रस्ता देवळापर्यंत डांबरी होणार असेल तर वाटेतला वाडीचा फाटा कच्चाच का राहावा? मोहल्ल्यातील एका चाचांनी स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे राहणार हे विचारले. भक्तनिवास न्यासाच्या जागेत बांधून न्यासाच्याच ताब्यात राहणार असेल, तर त्यासाठी सार्वजनिक पैसा का मागायचा, हा प्रश्नही आला. आणि तो देवळाच्या बैठकीत एकदाही आला नव्हता, कारण तिथे तो विचारणारे कोणी बसलेलेच नव्हते.

सभा तापली, हे खरे आहे. “देवाला विरोध करता का?” असे एकाने विचारले, त्यावर चाचांनी शांतपणे सांगितले की आपला विरोध किल्लीला आहे. दीर्घ चर्चेनंतर प्रस्तावातून भक्तनिवास वगळले गेले, ते देणग्यांतून बांधावे असे ठरले. रस्त्यात वाडीचा फाटा धरला गेला. स्वच्छतागृह ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत नोंदवून बारा महिने सर्वांना खुले ठेवण्याची अट ठरावात लिहिली गेली. तरीही काही हात विरोधात वर झाले, त्यांत आमच्याच वाडीतले दोन होते, आणि ग्रामसेवकांनी ‘सर्वानुमते’ हा नेहमीचा शब्द खोडून ‘बहुमताने’ असे लिहिले. मानकऱ्यांना तो शब्द देवाच्या कामाला शोभणारा वाटला नाही. मला मात्र आमच्या इतिवृत्तांत इतक्या वर्षांत लिहिलेल्या शब्दांपैकी हा सर्वांत खरा वाटला.

बदल अर्जावर कोणाची हरकत आली नाही. काही तारखांनंतर विलंब माफ होऊन नवी नावे नोंदली गेली. तीर्थक्षेत्राचा प्रस्ताव जिल्ह्याकडे गेला आहे आणि निर्णय व्हायचा आहे. ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच, की आधी न्यासाची नियमावली मिळवून ती सभेत मोठ्याने वाचावी, नोटिशीच्या पोचा जपाव्यात, आणि ग्रामसभेपूर्वी सर्व वाड्यांत स्वतः जाऊन प्रस्तावाची प्रत द्यावी. आमच्या नव्या विश्वस्त भगिनींनी पदावर येताच दानपेटी उघडताना दोन साक्षीदार आणि लेखी मोजणी असावी, अशी सूचना दिली आहे. तिच्यावर पुढील सभेत चर्चा होणार असून माघारीसाठी त्यांच्या अंगणात अजून कोणी गेलेले नाही.