मारामुरेशला जाल तर रविवार धरून जा

रोमानियाला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "ड्रॅक्युलाचा किल्ला पाहिलात का?" नाही पाहिला. हातात नऊ दिवस होते आणि ते आम्ही दोघांनी देशाच्या उत्तर टोकाला, मारामुरेश आणि शेजारच्या बुकोविनात घालवले. त्या किल्ल्यासाठी एक दिवस काढावा असं मला आजही वाटत नाही.

मुंबईहून इस्तंबूलमार्गे क्लुज-नापोकाला उतरलो, तिथून मिनीबसने उत्तरेला सिगेत, आणि पुढे ब्रेब नावाच्या गावात एका घरी मुक्काम. अशा घरगुती मुक्कामाला तिकडे पेन्सिउने म्हणतात. शेंगेन व्हिसा चालतो. १ जानेवारी २०२५पासून जमिनीवरच्या सीमेवरची तपासणीही उठली आहे, त्यामुळे हंगेरी जोडून सहल करणंही सोपं झालंय. चलन मात्र युरो नाही, लेउ आहे (एक लेउ साधारण वीस रुपये). शहरात कार्ड सगळीकडे चालतं, पण गावात निघण्यापूर्वी सिगेतच्या एटीएममधून रोख काढून ठेवा. ब्रेबमध्ये आम्हाला पदोपदी रोखच लागली.

रविवारी सपिंत्सा या दुसऱ्या गावी जायचं ठरवलं होतं. सकाळी साडेआठपासून रस्त्यावर उभे राहिलो. दहा वाजले तरी मिनीबसचा पत्ता नाही. शेवटी शेजारच्या घरातल्या एका मावशींनी खुणेनेच सांगितलं, आज रविवार, आज काही येत नाही. चौकशी न करता निघालो ही चूक आमचीच. पण त्या चुकीमुळे जे पाहायला मिळालं ते कुठल्याही ठरवलेल्या कार्यक्रमात बसलं नसतं.

चर्च सुटलं आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. बायकांचे फुलाफुलांचे चुणीदार घागरे, डोक्याला रुमाल, पुरुषांच्या डोक्यावर बशीएवढी छोटी गवती टोपी. पाहुण्यांसाठी केलेला देखावा नव्हता हा. आम्ही सोडून तिथे परकं कुणी नव्हतंच. दुपारी जेवणं झाल्यावर प्रत्येक घरापुढच्या बाकावर माणसं येऊन बसली. आपल्याकडे ओट्यावर बसतात तशीच, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत. आम्हालाही बसवून घेतलं. भाषा येत नव्हती तरी तास गेला.

भाषेची एक गंमत सांगते. 'धन्यवाद'ला तिकडे 'मुल्त्सुमेस्क' म्हणतात. यातला 'त्स' म्हणजे 'चाक'मधला आपला च! इंग्रज पाहुणे तिथे अडखळतात, आपल्या जिभेला तो आयताच येतो. 'बुना झिवा' (नमस्कार) आणि हा एक शब्द, एवढ्यावर दारं उघडतात. वयाने मोठ्या बाईला 'तांती' म्हणायचं, म्हणजे आपली मावशीच.

घराबाहेरची लाकडी दारं हा इथला अभिमान. ओकच्या जाड खांबांवर पिळलेला दोर कोरलेला, मध्ये सूर्य. लाकडातूनच इथली चर्चही उभी राहिली. त्यातल्या आठांना १९९९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. सगळी पाहायचा अट्टाहास करू नका, दोन निवांत बघा. येउदचं टेकडीवरचं, आणि पोयेनिले इझेयचं, जिथे आत नरकातल्या शिक्षा रंगवल्या आहेत. फळ्यांच्या सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर चित्रं काढली आहेत. जवळ जाऊन पाहिलं की विणीचे धागे दिसतात. पूर्वी बायका बाहेरच्या छोट्या खोलीत थांबायच्या, पुरुष आत. बहुतेक वेळा दाराला कुलूप असतं. दारावर किल्लीवाल्याचा फोन नंबर लावलेला असतो. फोन लावा, माणूस येतो.

सपिंत्सा सोमवारी झालं. घरमालकांच्या मुलाची गाडी आम्ही पुढच्या सगळ्या दिवसांसाठी ठरवून टाकली आणि तुम्हीही तसंच काही करा असं सांगेन. सपिंत्साच्या स्मशानाला 'आनंदी स्मशान' म्हणतात. स्तान इओन पत्राश या गावच्या कारागिराने १९३५पासून इथे निळे लाकडी क्रूस कोरायला सुरुवात केली. १९७७मध्ये तो गेला, पुढे त्याच्या शिष्याने काम चालू ठेवलं. प्रत्येक क्रूसावर मेलेल्या माणसाचं चित्र आणि खाली त्याच्याच तोंडी घातलेली कविता. कुणी सूत काततंय, कुणी मेंढ्यांमागे, कुणी ट्रॅक्टरवर. एका क्रूसापुढे मी बराच वेळ थांबले होते. माणूस गेल्यावर तो रोज काय काम करायचा हेच लक्षात ठेवावं, ही कल्पना मला फार जवळची वाटली. लवकर जा, अकरानंतर पर्यटकांच्या बसेस येतात.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. 'दे पोस्त' हे दोन शब्द पाठ करा. पोस्त म्हणजे उपवास. इथल्या ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या उपवासाला मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, आणि बुधवार-शुक्रवार धरून असे दिवस वर्षात भरपूर असतात, त्यामुळे स्वयंपाकघराला हे जेवण अंगवळणी पडलेलं आहे. काही उपवासांत मासा चालतो, तेवढं विचारून घ्या. सूपमध्ये हाडाचा रस असू शकतो, त्यासाठी 'फरा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय. आम्ही गेलो तेव्हा २९ जूनच्या पीटर-पॉलच्या सणाआधीचा उपवास चालू होता. आमच्या मुक्कामाच्या घरच्या तांतीने आमच्यापुढे मामालिगा ठेवली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत मेंढीचं चीज आणि आंबट साय. स्वतःच्या ताटात तिने फक्त बीन्स घेतले. कढईतून लाकडी पाटावर उपडी केलेली मामालिगा तिने सुरीने कापली नाही. शिवणाचा दोरा ताणून खालून घातला आणि वर ओढला. वडीसारखे सरळ तुकडे पडले, दोऱ्याला कणही चिकटला नाही.

जूनअखेर ते जुलै हा गवत कापणीचा काळ. डोंगरउतार अजूनही लांब दांड्याच्या कोयत्याने कापले जातात, आणि मधे खांब रोवून त्याभोवती गवताच्या उडव्या रचतात. वासासाठी तरी याच दिवसांत जा. टेकड्यांवर चालताना मेंढपाळांचे मोठे कुत्रे अंगावर येतात. पळायचं नाही, जागच्या जागी थांबायचं, मेंढपाळ हाक मारतो. जंगलात अस्वलं आहेत, खाऊ घालायला गाडी थांबवू नका, अडचणीला ११२. स्वतः गाडी चालवणार असाल तर 'रोविनिएता' हा रस्त्याचा कर ऑनलाइन भरा, आणि मद्याची मर्यादा शून्य आहे हे विसरू नका. घरोघरी सकाळीच प्लमची दारू पुढे येते. छातीवर हात ठेवून नाही म्हटलं की कुणी रागावत नाही.

शेवटचे दोन दिवस १४१६ मीटरवरची प्रिस्लोप खिंड ओलांडून बुकोविनात. वोरोनेत्सचा मठ १४८८मध्ये चार महिन्यांच्या आत बांधला, बाहेरच्या भिंती १५४७मध्ये रंगवल्या. पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नाही, सबंध भिंतभर अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव करणार त्या निवाड्याचं चित्र. दुपारनंतर जा, ऊन त्याच भिंतीवर येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उत्तरेची भिंत वाऱ्यापावसाने पुसट झाली आहे. मी तिच्यापुढेही थोडा वेळ उभी राहिले. तिथून सुचावा, आणि सुचावाहून रेल्वेने बुखारेस्ट.

निघताना तांतीने वाटेसाठी चीज बांधून दिलं होतं, एका जुन्या फुलाफुलांच्या रुमालात. रुमाल परत करायला थांबलो तर तिने हातानेच 'जा' म्हटलं.